नळीतलं गिधाड

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग नातवंडं झाली, मग डोळे दुखू लागले. आता टाळण्याइतकं पुढे फारसं उरलेलं नाही. शिवाय ज्या बाईंबद्दल लिहायचं आहे त्या हे वाचणार नाहीत, हे पक्कं झाल्यावरच मला पेन उचलायचा धीर आला. यावरून तुम्हाला माझी ओळख झालीच असेल. आता बाईंची करून देतो.

बाई म्हटलं की मला आधी त्यांचे हात दिसतात. कोणतीही गोल, पोकळ वस्तू हाती आली की त्या ती डोळ्याला लावून पलीकडचं जग बघत, आणि मग दुसऱ्या एखाद्या गोल वस्तूच्या तोंडावर ठेवून हळूहळू फिरवत. लोणच्याच्या बरणीचं झाकण, पावडरचा डबा, सायकलच्या घंटीची वाटी, नळाचा सांधा, काहीही चाले. फिरवताना मान कललेली आणि डोळे मिटलेले असत, जणू आतून काही ऐकू येणार आहे. मग म्हणत, "बसते, बसते. थोडं रडते, पन बसते." नाहीच बसलं तर दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवून देत. "जाऊ द्या. त्याचं मन नाई."

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना, वैनगंगेच्या अलीकडे, आमचं तालुक्याचं गाव लागतं. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. बाईंचा फोटो स्टुडिओ बसस्टँडसमोरच्या ओळीत होता. मुळात तो त्यांच्या यजमानांचा. ते लग्नाचे फोटो काढत, नव्वदनंतर व्हिडिओ शूटिंगही करू लागले होते. ते अचानक गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. लोकांना वाटलं, आता हे शटर कायमचं पडलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्याच सोमवारी बाईंनी शटर वर केलं. काउंटरवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मागे रंगवलेला धबधब्याचा पडदा, आणि मधे खुर्ची. पडद्यावरच्या हंसाची मान रंगाऱ्याने बगळ्याची काढली होती. मी ते एकदा दाखवून दिलं, तर बाई म्हणाल्या, "भाऊ, लोकं हंसाचा फोटो काढाले येत नाईत. सोताचा काढाले येतात."

गावात सगळे मला सर म्हणत. बाई एकट्या भाऊ म्हणत.

त्या स्टुडिओत एक नियम होता. मुलगी दाखवायच्या फोटोसाठी येणाऱ्या आया हळूच सांगत, "बाई, थोडी उजळ येऊ द्या." कॉम्प्युटरवर तसं करणं तोवर फार सोपं झालं होतं, शेजारचे दोन्ही स्टुडिओ ते करून देत. बाई करत नसत. "जे समोर हाय तेच निघते इथी. उद्या पावनं घरी येईन, मंग काय चेहरा कॉम्प्युटरातून काढून देसान?" आई रागावून निघून जाई. मुलगी जाताना मागे वळून बाईंकडे बघून हसे. हा नियम लक्षात ठेवा. पुढे मी ज्यावर घाव घातला तो हाच.

यजमानांच्या मागे एक लोखंडी पेटी राहिली होती. तिच्यातले जुने कॅमेरे पावसाळ्यांनी खाल्ले होते, भिंगांत बुरशीची जाळी धरली होती. पण दोन काचा शाबूत होत्या. एक सत्तरच्या सुमाराची जपानी, चामड्याच्या डबीतली. दुसरी व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी घेतलेली, हातात धरली तर किलोच्या वजनासारखी. यांना टेलिकन्व्हर्टर म्हणतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ही काच आटे फिरवून बसवायची, म्हणजे लांबचं आणखी जवळ येतं. बाई तिला "दुर्बिनीची बहीन" म्हणत.

आता स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी नागपूरहून आणलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा होता. तळहातावर मावणारा. त्याचं भिंग काढता येत नसे, बदलता येत नसे. बटण दाबलं की कासवासारखी मान बाहेर काढी आणि काम झालं की आत घेई. त्या मानेला पुढे काही लावायला आटेच, बाईंच्या भाषेत चुडीच, नव्हती. बाईंना हे फार लागलं. "कंपनीनं बिनचुडीचं जनावर काढलं बाप्पा. याच्या नाकात वेसन घालावं कशी?"

पहिला प्रयोग त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या रबराने केला. जड काच सरळ त्या मानेला बांधली. कॅमेरा सुरू केल्यावर आतून घरघर आली, आणि कासवाची मान अर्धी बाहेर येऊन तशीच राहिली. आत जाईना, बाहेर येईना. त्या दिवशी पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकाला बाईंनी सांगितलं, "आज कॅमेऱ्याची मान आखडली हाय, उद्या या." नागपूरला दुरुस्तीला पाठवून आठवडाभर त्या पेटीबाहेर राहिलेल्या एका जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यावर काम करत राहिल्या, आणि त्या आठवड्यात त्यांना अक्कल सुचली. काचेचा भार मानेवर पडता कामा नये. मानेभोवती एक मोकळी नळी पाहिजे, नळी खालच्या पट्टीवर, आणि पट्टी कॅमेऱ्याच्या पोटातल्या स्टँडच्या स्क्रूला. काच नळीने उचलायची, कॅमेऱ्याने फक्त बघायचं.

मग त्या कॅमेरा पदराखाली घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जाऊ लागल्या. पाइपचा प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक सांधा लावून बघत. मी एकदा तिथे होतो. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, घरी नळाले पानी येऊन राह्यलं नाई का?"

"पानी येऊन राह्यलं."

"मंग पाइप कायले पाह्यजे?"

"पाखरू आनाचं हाय."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. शेवटी एक करडा सांधा त्या जपानी काचेच्या आट्यांना थोडं रडत, पण बसला. नळीच्या आतून उजेड चमकू नये म्हणून बाईंनी कंदिलाची काजळी डिंकात कालवून लावली. पुढे महिनाभर त्यांच्या कपाळावर, गालावर, कधी नाकाच्या शेंड्यावर काजळी असे. गिऱ्हाईक सांगे, बाई पुसत, आणि ती आणखी पसरे.

नळीची परीक्षा घ्यायची पद्धतही त्यांची स्वतःची. समोरच्या किराणा दुकानात भिंतीवर प्राण्यांचं कॅलेंडर लटकत असे. बाई आपल्या काउंटरवरून, मधला अख्खा रस्ता ओलांडून, त्याचा फोटो काढत. वाघाच्या मिशा मोजता आल्या आणि खालचा बारीक मजकूर वाचता आला तर नळी पास. एक दिवस किराणावाला रस्ता ओलांडून आला.

"बाई, तुमी दिवसभर माह्या दुकानावर ते नळकांडं रोखून राह्यल्या. गिऱ्हाईक भेऊन राह्यलं. घरच्याईनंबी विचारलं, समोरची बाई तुमच्याकडे काऊन पाहते म्हून."

"तुमच्याकडे कोन पाहते? वाघाकडे पाहतो आमी."

"घरी तसंच सांगू का?"

"सांगा ना. तिले माहीत हाय, तुमी वाघ नाई म्हून."

किराणावाला हसत परत गेला, आणि तेव्हापासून डिसेंबर संपला की जुनं कॅलेंडर बाईंना आणून देऊ लागला.

माझी त्यांच्याशी खरी ओळख मात्र तलावावर झाली. आमचा दहाबारा जणांचा पक्षी बघणाऱ्यांचा गट होता. बँकेचे मॅनेजर, एक डॉक्टर, काही शिक्षक. मी त्यांचा म्होरक्या, कारण मला शास्त्रीय नावं येत आणि माझ्याकडे हातभर लांबीची लेन्स होती. रविवारी सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमत असू. एका रविवारी पाळीवर एक बाई बसलेल्या दिसल्या. पदर डोक्यावरून पुढे थेट गुडघ्यापर्यंत ओढलेला, खाली वाकलेल्या, आणि खांदे हलत होते. मासे धरायला आलेला एक धिवर लांब उभा राहून बघत होता. त्याला राहवलं नाही.

"बाई, कोन मेलं व?"

पदरातून आवाज आला, "मेलं नाई. उडालं. तुमी बोलले ना."

उन्हात कॅमेऱ्याचा मागचा छोटा पडदा दिसत नाही म्हणून त्या पदराची काळोखी करून बघत होत्या. खंड्या टिपायचा चालला होता. काल एकदा मिळालाय म्हणाल्या आणि मला फोटो दाखवला. पदराखाली डोकं घालून बघायला मी जरा संकोचलो, तर त्यांनी पदराचा तंबू माझ्यावरही धरला. खंड्या चांगला मोठा आला होता. त्याच्या भोवती एक जांभळी किनार होती, जुन्या काचेतून कधीकधी उमटते तशी. आणि त्याच्या डोळ्यात ठिपक्याएवढा तलाव होता. मी किनार बघितली. बाई म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यातला तलाव पाह्यला का भाऊ?"

त्यानंतर त्या आमच्याबरोबर येऊ लागल्या. स्टँड म्हणून त्यांच्याकडे कापडी पिशवीत भरलेलं धान असे. पिशवी दगडावर ठेवायची, थोपटून खळगा करायचा, त्यात नळी निजवायची. तसूभरही हलत नसे. एकदा एका वस्तीजवळच्या तलावावर आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो आणि बाईंची नळी हळूहळू जमिनीकडे झुकू लागली. त्या तिला वर करत, ती पुन्हा झुके. "आज पाखरू कुठी, अन् ही पाहून राह्यली कुठी," त्या पुटपुटल्या. बघतो तर पिशवीला भोक पडलेलं, आणि मागच्या बाजूने दोन कोंबड्या निवांत स्टँड खात होत्या. डॉक्टर हसता हसता पाळीवरून घसरले. बाईंनी त्या कोंबड्यांचाच फोटो काढला. तो फोटो पुढे कितीतरी दिवस स्टुडिओच्या दर्शनी काचेत होता, वधूवरांच्या मधोमध.

दोन्ही काचा एकापुढे एक लावून बघण्याचाही त्यांचा एक काळ येऊन गेला. त्यातून सगळं जग दुधात बुडाल्यासारखं दिसे. पाणकावळा आहे की बुंधा, हे कळायचं नाही. बाई तो फोटो छापून आणत आणि विचारत, "वळखा पाहू." डॉक्टर म्हणत, म्हैस. मॅनेजर म्हणत, ढग. बाई म्हणत, "मलेबी नाई माहीत. म्हून त विचारून राह्यली." इतका आनंद मी हुकलेल्या फोटोतून कोणाला मिळालेला बघितला नाही. माझा एक फोटो हलला तर दिवस खराब जाई.

आता पुढचं.

महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची यात्रा भरते. यजमान असल्यापासून तिथे स्टुडिओची राहुटी लागे. लोक देवळाचं दर्शन घेऊन येत आणि कापडावरच्या देवळापुढे उभे राहून फोटो काढून घेत. त्या वर्षी यात्रा आटोपून बाई नदीकाठच्या एका खेड्यात, आपल्या माहेरी, दोन दिवस राहिल्या. परतल्यावर त्या स्टुडिओ न उघडता थेट आमच्या रविवारच्या बैठकीला आल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही बसलो होतो. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फोटो होते आणि चेहरा असा होता, जणू घरात बाळ जन्मलंय.

"भाऊ, गिधड."

गिधाडं आमच्याकडून तोवर गेली होती. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून ती उतरत. मग कमी होत होत दिसेनाशी झाली. आमच्या गटात कोणालाही कित्येक वर्षांत एकही दिसलं नव्हतं, आणि आपल्या भागात आता गिधाड नाही, असं मी स्वतः एका लेखात लिहून बसलो होतो.

मी फोटो हाती घेतले. उंच फांदीवर काटक्यांचं घरटं, त्यात पांढुरकं पिल्लू, शेजारी मान आत ओढून बसलेलं मोठं गिधाड. मागचं आभाळ उन्हाने पार पांढरं धुतलेलं, कागदासारखं. आणि पंखांच्या कडेला ती जांभळी किनार, स्वस्त छपाईत रंग सरकतो तशी. मला आठवलं ते किराणा दुकानाचं कॅलेंडर. याच नळीतून काढलेले छापील वाघ, छापील गवे मी बघितले होते. तेही अगदी असेच दिसत.

"बाई, हा छापील चित्राचा फोटो आहे," मी म्हणालो. "पांढरा कागद दिसतोय मागे. रंगही सरकलाय. कुठल्या पुस्तकातून काढलात?"

त्यांना आधी कळलंच नाही. त्या हसल्या. "पुस्तक नाई भाऊ, झाड हाय. माह्या माहेरी. चला ना, दाखवते."

"प्रयत्न चांगला आहे," मी म्हणालो. वर्गात नापास मुलाला म्हणत असे, तसा.

मॅनेजर म्हणाले, "बाईंनी नळीतून गिधाड काढलं." सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला. मग फोटो एकेक करून पिशवीत ठेवताना म्हणाल्या, "माह्या हातून जे समोर नाई ते निघत नाई, भाऊ. तुमाले माहीत हाय."

मला माहीत होतं. उजळ न केलेल्या इतक्या मुलींचे फोटो त्या गावात घरोघरी होते. डॉक्टरांनी तो फोटो आणला असता तर मी पुस्तकाचं नाव विचारलं असतं का? झाड कुठे आहे हेच विचारलं असतं. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा घातला आहे, आणि त्याचं उत्तर दरवेळी तेच येतं.

गाव लहान. आठवड्यात ते सगळीकडे झालं. पासपोर्ट फोटोला आलेले टवाळ विचारत, "बाई, माहा खरा काढसान ना? का कॅलेंडरवरचा?" बाई हसून म्हणत, "कॅलेंडरवर यायची लायकी आन पह्यले." उत्तर चोख देत. पण रविवारी तलावावर येणं त्यांनी बंद केलं.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी मला गडचिरोलीकडे जावं लागलं. एक दुपार मोकळी मिळाली आणि मी त्या खेड्याची बस धरली. आपण बाईंना खोटं ठरवायला चाललोय की खरं, ते मला सांगता येणार नाही. पारावर एक म्हातारा धिवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी गिधाडाचं विचारलं.

"बाईचं झाड म्हना ना," तो म्हणाला. "बाईनं पाठवलं का?"

मी हो म्हणालो.

त्याने मला नाल्याच्या कडेने अर्जुनाच्या एका उंच झाडापाशी नेलं. बुंध्यावर चुना सांडल्यासारखी पांढरी विष्ठा होती. वर तेच घरटं, तीच फांदी. पिल्लाला आता काळी पिसं फुटली होती आणि ते घरट्याच्या काठावर उभं राहून पंख उघडून बघत होतं. तेवढ्यात मोठं गिधाड आलं. उतरताना त्याच्या पंखांचा आवाज मला खाली ऐकू आला. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता आणि विसरलो होतो. मी तिथेच मातीत बसलो. म्हातारा म्हणाला, "बाईबी अशीच बसली होती."

मला फार आनंद झाला होता, हे खरं आहे. आणि त्या आनंदात पहिला विचार आला तो बाईंचा नव्हता, लेन्सचा होता. मी फोटो काढले. माझ्या काचेत किनार आली नाही. आभाळ निळं आलं.

फोटो वर्तमानपत्रात छापून आला, खाली माझं नाव. या भागात गिधाडाचं घरटं पहिल्यांदा मीच शोधलं, असं त्यात लिहिलं होतं. ते मी सांगितलं नव्हतं. पण ते चूक आहे, असंही कोणाला सांगितलं नाही. गटाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. हॉलमध्ये मागच्या ओळीत बाई येऊन बसल्या होत्या.

भाषणं झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "सर, त्या दिवशी बाईंनीपण असाच फोटो आणला होता ना? हेच झाड तर नसेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढी सरळ, मोकळी वाट पुन्हा कोणी मला दिली नाही. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तो वेगळा. तो पुस्तकातलाच होता."

पहिल्या वेळी मी चुकलो होतो. काच, पांढरं आभाळ, सरकल्यासारखा रंग. ती चूक मी कोणालाही समजावून सांगू शकतो. दुसऱ्या वेळी मी चुकलो नव्हतो. जाणूनबुजून खोटं बोललो. माणूस वर्षानुवर्षं जे टाळतो ते हे असतं.

कार्यक्रम संपल्यावर बाई पुढे आल्या. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार, आणि मला ते चालणार होतं. त्यांनी मोठा करून लावलेल्या माझ्या फोटोजवळ नाक नेलं, पंखाच्या कडेवरून बोट न टेकवता फिरवलं.

"मस्त आला भाऊ. किनार जांभळी नाई झाली. तुमची काच चांगली हाय." मग पिल्लाकडे बघून म्हणाल्या, "केवढं झालं व हे."

आणि चहा न घेता गेल्या.

त्यानंतरही आम्ही एकाच गावात राहिलो. निवृत्तीच्या कागदांसाठी लागणारा फोटो मी त्यांच्याच स्टुडिओत काढला. त्यांनी माझी कॉलर नीट केली, हनुवटी दोन बोटांनी वर केली, आणि जसा आहे तसा फोटो दिला. त्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि मीही. आता जाऊ आणि सांगू, असं ठरवून मी त्या ओळीतून कितीदा गेलो असेन. प्रत्येक वेळी आत कोणी गिऱ्हाईक असे. नसलं तर मला बरं वाटत नसे.

मुलीचं लग्न झालं, जावई गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात होता. बाईंनी स्टुडिओ बंद केला आणि तिकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी कळलं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी भेटायला निघालो. बसमध्ये मी ते वाक्य जुळवत होतो, खोडत होतो, पुन्हा जुळवत होतो.

दार त्यांनीच उघडलं. काळा चष्मा, केस पांढरे, आणि आवाज तोच.

"भाऊ, तुमी? बसा. माह्या डोळ्यात डॉक्टरानं काच बसवली. चुडी नाई, पट्टी नाई, एका झटक्यात बसली. रडली बी नाई." मग चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी त म्हातारे झाले बाप्पा. इतके दिवस मले चांगले दिसत होते."

आम्ही खूप हसलो. त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून बघायला आली. डॉक्टरांचं पाळीवरून घसरणं, म्हैस की ढग, सगळं झालं. हसण्यात थोडी जागा पडली तेव्हा मी म्हणालो, "बाई, ते गिधाडाचं..."

"हो ना," त्या पुढे सरकल्या. "मले विचाराचंच होतं. माहेरची मानसं गेली, मंग तिकडं जानं झालं नाई. ते पिल्लू उडालं का हो शेवटी?"

"उडालं," मी म्हणालो. मेमध्ये मी पुन्हा गेलो होतो.

"तुमी सोता पाह्यलं?"

"मी स्वतः पाहिलं. फांदीवरून सुटलं, खाली आलं, वाटलं पडणार. मग नदीकडून वारा आला आणि वर गेलं."

त्यांनी फोटो आहे का, असं विचारलं नाही. कोणी बरोबर होतं का, असंही नाही. मी म्हणालो तेवढ्यावर त्यांनी मुलीला हाक मारली, "आयकलं का व? उडालं म्हनतात भाऊ. सोता पाह्यलं त्यायनं." आणि मुलीचा हात हातात धरून हसत बसल्या. माझा शब्द त्यांनी असा घेतला. मी चहा प्यालो. त्यांनी पुन्हा या म्हटलं, मी येतो म्हटलं.

जाणं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य अजून माझ्यापाशी आहे. फार मोठं नाही. बाई, झाड तुम्ही दाखवलंत. फोटो खरा होता, आणि तो खरा आहे हे ठाऊक असताना मी भर हॉलमध्ये तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा.